पहिले उद्दिष्ट : पुस्तक सरळ धरणे

मला पाहायला आलेल्या मंडळींत एकदा मुलाचे काका होते. ते महसूल खात्यातले असल्यामुळे चौकशी करण्याचा हक्क आपलाच, अशा थाटात त्यांनी विचारले, "केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली म्हणता, अन् प्रयोगशाळा तं कुठं दिसत नाही. मंग करता काय नेमकं?"

मी म्हणाले, "मुलांना वाचता येते की नाही, ते मोजते."

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "वाचाले लावलं का समजते येते का नाही ते. त्याच्यात मोजाचं काय हाय?"

स्थळ जमले नाही, आणि त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. प्रश्न मात्र माझ्याबरोबर राहिला, कारण तो योग्य होता. उत्तर त्या दिवशी मला नीट देता आले नव्हते. ते या लेखाच्या निमित्ताने देते.

शिक्षकभरतीच्या यादीत माझे नाव आले तेव्हा मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्याची स्वप्ने पाहत होते. नेमणूक मिळाली ती आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत, आणि वर्षभरात माझ्या गळ्यात आणखी एक काम पडले: मंडलातल्या, म्हणजे तिकडच्या तालुक्यातल्या, शाळांना भेटी देऊन मुलांच्या वाचनाची चाचणी घेणे. तेव्हाच्या आंध्र सरकारने प्रत्येक इयत्तेसाठी भाषेची उद्दिष्टे ठरवली होती. तिसरीच्या मुलाला अनोळखी उतारा वाचता यावा, त्याचा अर्थ सांगता यावा, वाचलेल्याचा आपल्या अनुभवाशी संबंध जोडता यावा, प्रश्न विचारता यावा, वगैरे. ती हैदराबादहून तेलुगूत यायची आणि जिल्ह्यात बसून आम्ही ती मराठीत आणायचो. मराठी शाळांत विज्ञानवाले फारसे कोणी नव्हते, त्यामुळे 'मोजमाप' हा शब्द निघाला की सगळे माझ्याकडे पाहायचे. मला ते आवडायचे.

बाहेरच्या माणसाला हे काम कसे चालते ते सांगायला हवे. मी मुलाला एक कार्ड देई. त्यावर पाचसहा ओळींचा उतारा, त्याने पूर्वी न पाहिलेला. पाहिलेला असला तर मूल वाचते की आठवते ते कळत नाही. माझ्या हातातल्या तक्त्यावर उद्दिष्टे क्रमाने. एक जमले तर पुढचे; पहिलेच जमले नाही तर पुढे जायचे नाही. कारण जो पायरी एक चढला नाही तो पायरी चारवर कसा असेल? हा क्रम मी सुचवला होता. जिल्ह्याच्या बैठकीत त्याचे कौतुकही झाले होते. आणि पहिली पायरी होती, 'पुस्तक सरळ धरतो.' पहिलीच्या मुलांसाठी ती केली होती, पण क्रम पूर्ण असावा म्हणून तिसरीच्या तक्त्यातही राहिली. तिसरीतले कोण पुस्तक उलटे धरणार आहे, असा आमचा हिशेब.

उद्दिष्टे एका ठिकाणी लिहिली जातात आणि दुसऱ्या ठिकाणी गाठली जातात, याचे धडे मला लवकरच मिळाले. 'समुद्रकिनाऱ्याविषयी आपल्या शब्दांत सांगतो' असे एक उद्दिष्ट किनारपट्टीच्या कोणा शिक्षकाने घातले होते. हमरस्त्यावरच्या इचोड्याच्या एका मुलाने मला अस्खलित सांगितले की किनाऱ्यावर ढाबा असतो, तिथे ट्रक थांबतात, डायव्हर लोक खाटेवर झोपतात, आणि नागपूरकडे जाणारे किनाऱ्याच्या या बाजूने, हैदराबादकडे जाणारे त्या बाजूने जातात. वर्णन सुसंगत होते, शब्द त्याचे स्वतःचे होते. समुद्र खरा असावा अशी अट उद्दिष्टात नव्हती. मी पूर्ण गुण दिले.

वांकिडीकडच्या एका शाळेत 'प्रश्न विचारतो' हे उद्दिष्ट होते. तिथल्या शिक्षकांनी मुलांना बजावून ठेवले होते, बाई आल्या की प्रश्न विचारायचे, एकानेही गप्प बसायचे नाही. मी आत पाऊल ठेवताच पहिल्या रांगेतली मुलगी उभी राहिली. "बाई, तुमी जेवल्या काय?" तिच्या मागची म्हणाली, "बाई, तुमचं गाव कोनतं?" तिसरीने जरा विचार केला. "बाई, तुमचं लगन काऊन नाही झालं?" वर्गाने शंभर टक्के उद्दिष्ट गाठले. त्या काकांनाही इतक्या थोडक्यात विचारता आले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर तिथले सरपंच या अंकाच्या प्रती मागतील. ऑटो मुख्य रस्त्यावर सोडतो, मग कपाशी आणि सोयाबीनच्या मधून चालत जायचे. शाळा दोन खोल्यांची, मुख्याध्यापक वाघमारे सर, आणि दुसऱ्या शिक्षकाची जागा मी पाहिली तेव्हापासून रिकामी. पहिली ते पाचवी सगळे वर्ग सरच सांभाळत. त्यांचे आईवडील लोकांच्या शेतात राबले, आणि हे त्या घराण्यातले पहिले सरकारी नोकर. याविषयी ते स्वतःहून कधी बोलत नसत. पण शाळेचा फळा रोज सकाळी स्वतः पुसत आणि कोणाला पुसू देत नसत.

त्या वर्षी त्या शाळेवर संकट होते. पटसंख्या कमी, म्हणून मराठी वर्ग बंद करून मुलांना नाल्यापलीकडच्या गावातल्या तेलुगू शाळेत सामावून घ्यायचे असे घाटत होते. वरिष्ठांनी एक सवलत दिली: तिसरीच्या निम्म्याहून जास्त मुलांनी वाचनाची उद्दिष्टे गाठली तर वर्ग राहील, नाहीतर नाही. नाल्याला पावसाळ्यात पाणी असते. मुलगे ओलांडतील, मुलींना कोणी पाठवणार नाही, हे गावाला ठाऊक होते आणि सरांनाही.

तिसरीत पाच मुले होती. म्हणजे तीन उत्तीर्ण व्हायला हवीत. मी पूर्वतयारीची चाचणी घेतली. शेवंता आणि विलास यांनी कार्ड सरळ धरले, वाचले, अर्थ सांगितला. गणेशने कार्ड हातात घेतले आणि मान खांद्यावर टाकली. मी मान सरळ करायला सांगितली की तो अडखळे. सोडून दिले की मान पुन्हा खांद्यावर. मी शेऱ्यात लिहिले, 'दृष्टिदोषाची शक्यता', आणि त्याला जैनथच्या नेत्रशिबिरात पाठवायला लावले. सुनीलने कार्ड आडवे धरले. आणि पाचवी, सुजाता, हिने कार्ड घेतले, क्षणभर पाहिले आणि शांतपणे उलटे केले. डोके खाली, पाय वर.

पहिले उद्दिष्ट: नाही. नियमाप्रमाणे पुढे जायचे नव्हते. मी कार्ड परत घेतले.

"सर, ही मुलगी शाळेत येते का नियमित?"

"रोज येते मॅडम. हुशार हाय पोरगी."

"हुशार? तिला पुस्तकाची वरची बाजू कळत नाही."

सर गोंधळले. तेवढ्यात शेवंता बाजूला बसून पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचत होती, आणि तिच्या समोर जाऊन बसलेल्या सुजाताचा आवाज आला. "अवो शेवंता, एक ओळ सोडली तू. मधी कासव हाय ना."

शेवंताने पाहिले. मध्ये खरेच कासव होते.

जिला मी शून्य दिले होते ती उत्तीर्ण मुलीची चूक काढत होती. शास्त्राच्या विद्यार्थ्याला अशा वेळी आनंद व्हायला हवा, कारण उत्तर चुकले की प्रश्न सापडतो. मला आधी राग आला आणि मग आनंद झाला. मी सरांना म्हणाले, "तुम्ही यांना रोज जसे शिकवता तसे बसवा. मी नाही असे समजा."

सरांनी खोलीच्या मधोमध चटई टाकली. चटईवर पुस्तक ठेवले. एकच. आणि पाच मुले त्याच्या भोवती गोल बसली.

"एकच पुस्तक?"

"मॅडम, मराठीची पुस्तकं हैदराबादहून सगळ्यात मागून येते. येते तेव्हा परीक्षा आलेली राहते. हे एक मी जैनथच्या शाळेतून मागून आणलं. पुस्तक एक, मुलं पाच. आता पानं फाडून वाटू काय?"

मी कोण कुठे बसते ते टिपून घेतले. शेवंता आणि विलास यांची घरे शाळेला लागून. ते आधी येत आणि पुस्तकाच्या पायाशी बसत. गणेश डावीकडे, सुनील उजवीकडे. सुजाताचे घर शेतात, सगळ्यांत दूर. ती शेवटी येई आणि उरलेल्या जागेवर, म्हणजे पुस्तकाच्या डोक्याशी बसे. सर तिसरीला पुस्तक देऊन पहिलीकडे वळत. तिसरी आपापसात वाचे. दोन वर्षे असे चालले होते. प्रत्येकजण आपापल्या दिशेने वाचायला शिकला होता, आणि कोणालाही त्यात काही चूक वाटत नव्हती, कारण अक्षर त्याला पहिल्यांदा जसे दिसले तसेच ते असते.

गणेशचे डोळे उत्तम असल्याची चिठ्ठी पुढे नेत्रशिबिरातून आली. डॉक्टरांनी खाली लिहिले होते, 'मान का वाकडी करतो, कळले नाही.' मला कळले होते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेचा पहिला धडा. मी सुजाताला नवे कार्ड दिले, सरळ. ती अक्षर अक्षर लावत अडखळली. तेच कार्ड मी उलटे केले. तिने एका दमात वाचले, खाली नकळत बोट फिरवत, आणि वाचून झाल्यावर विचारले, "बाई, हे सरळ कार्ड काऊन उलटं छापते?"

मग आम्ही कामाला लागलो. साहेबांच्या तपासणीला थोडेच दिवस उरले होते. मी जैनथहून ये-जा करत कार्डे लिहिली, सरांनी प्रत्येकाची जागा रोज बदलायला सुरुवात केली. गणेशची मान हळूहळू वर आली, पण घाबरला की पुन्हा खांद्यावर. सुनील अर्ध्या ओळीनंतर कार्ड फिरवी. सुजाताला मात्र सगळ्यांत जास्त त्रास झाला, कारण तिला उलटे सगळ्यांत चांगले येत होते. अनाडी माणसाला सुधारणे सोपे असते. तरबेज माणूस हट्टी असतो. हे मी स्वतःवरून सांगू शकते.

"सुजाता, साहेबांपुढे कार्ड फिरवायचे नाही."

"नाही फिरवत, बाई."

"नक्की?"

"हो ना. पन मंग वाचू का नको?"

तपासणीचे साहेब गोदावरीच्या मुखाकडचे, तेलुगूभाषक, सभ्य आणि सावकाश बोलणारे गृहस्थ. मराठी त्यांना येत नव्हती. हिंदी मात्र शिकले होते, त्यामुळे देवनागरी अक्षरे लावता येत. त्यांच्या दृष्टीने तो सोपा निर्णय होता, आणि त्यांनी तसे सांगितलेही: "मॅडम, मैं किसी का स्कूल बंद करने नहीं आया. जो है, लिखूंगा." सरांनी जैनथहून मिरची भजी मागवून ठेवली होती. ती रद्दी पेपरातच टेबलावर उलगडली गेली. साहेब एका बाजूला खुर्चीवर. मूल समोर उभे.

शेवंता उत्तीर्ण. विलास उत्तीर्ण. सुनीलने अर्ध्यावर कार्ड फिरवले आणि भांबावून थांबला. गणेशची मान पडली ती पडलीच. उरली सुजाता. दाराबाहेर तिची माय उभी होती. शेतातून तशीच आलेली, हातात विळा. खिडकीशी आणखी दोघी होत्या.

"चदुवु, अम्मा," साहेब म्हणाले. वाच, बाळ.

सुजाताने कार्ड घेतले. माझ्याकडे पाहिले. सरांकडे पाहिले. मग तिने एक मोठा श्वास घेतला, कार्ड उलटे केले आणि भडाभडा वाचून टाकले.

साहेबांनी हसून कार्ड परत घेतले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. "सार, ये तो पढ नहीं रही है. बोल रही है. कार्ड उलटा पकडा और सब बोल दिया. आपने याद कराया."

"नाही साहेब," सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी गोल बसण्याची सगळी गोष्ट हिंदीत सांगितली. ऐकताना साहेबांचा चेहरा अधिकाधिक सहानुभूतीचा होत गेला. मी त्यांच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. त्यांनी खेदाने एक भजे उचलले आणि पेन उघडले.

"म्हैस हरवली आहे," सुजाता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. ती टेबलापलीकडे उभी होती आणि तिची नजर भज्यांखालच्या पेपरवर होती. पेपर साहेबांच्या बाजूने सरळ होता. म्हणजे तिच्या बाजूने उलटा. म्हणजे तिच्यासाठी अगदी बरोबर.

"रंग काळा. शिंगे मागे वळलेली. कपाळावर पांढरा ठिपका. डावा कान थोडा फाटलेला." ती थांबली. "सर, ते भजं उचला ना. पुढचं दिसून नाही राह्यलं."

सरांनी भाषांतर करायच्या आधीच साहेबांनी भजे उचलले. खाली तेलाचा डाग होता, आणि डागातून अक्षरे अधिकच ठळक दिसत होती.

"राणी अशी हाक मारल्यास थांबते," सुजाताने वाचले आणि खुदकन हसली. "आमच्या मामाची म्हैस तं हाक मारली का पयते!"

साहेबांनी चष्मा लावला. पेपरवर बोट ठेवून एक एक अक्षर लावत गेले: म्है, स... रा, णी... त्यांचे बोट आणि सुजाताचा आवाज एकाच ओळीवर होते, फक्त दोन बाजूंनी आलेले. मग त्यांनी स्वतःच दुसरे भजे बाजूला केले. त्याखाली पेरणीची बातमी होती. तिने तीही वाचली. भजी संपेपर्यंत हा कार्यक्रम चालला. खाणे हाही तपासणीचा भाग झाला.

"सर," शेवटी सुजाताने विचारले, "सापडली का मंग ते म्हैस?"

सरांनी सांगितल्यावर साहेबांनी पेपरची तारीख शोधली, ती फाटलेल्या भागात गेली होती. "मिल गयी होगी, अम्मा," ते म्हणाले. "नाम से रुकती है ना."

मी मनातल्या मनात तक्ता तपासत होते. अनोळखी उतारा: यापेक्षा अनोळखी कोणता? अर्थ: समजला. अनुभवाशी संबंध: मामाची म्हैस. प्रश्न: विचारला. सगळ्या पायऱ्या चढून मुलगी वर उभी होती, आणि पहिली पायरी रिकामी. नियम माझाच. मी प्रामाणिकपणे म्हणाले, "साहेब, पहिले उद्दिष्ट राहिले. सरळ धरणे."

दाराशी उभ्या असलेल्या सुजाताच्या मायने माझ्याकडे असे पाहिले की तो विळा मला अजून आठवतो.

साहेबांनी तक्ता ओढून घेतला. तेलकट बोटांनी पहिल्या ओळीवर खूण केली. "कागज तो सीधा ही था, मॅडम. मैं खुद पकड के बैठा था."

वर्ग राहिला. बाहेर पडताना सुजाताची माय मला म्हणाली, "बाई, तुमी लई शिकल्या हो. थोडं कमी शिकल्या असत्या तं पोरगी लवकर पास झाली असती." मी तो अभिप्राय म्हणून नोंदवून घेतला.

पुढच्या बैठकीत तिसरीच्या तक्त्यातून मी ती पहिली पायरी काढायला लावली, आणि पायरी चुकली तर पुढचे तपासायचे नाही हा नियमही. मराठी पुस्तके वेळेवर पाठवण्याविषयी इतक्या वेळा लिहिले की मला कंटाळून का होईना, पुढच्याच वर्षी पुस्तके शाळा उघडतानाच आली. प्रत्येक मुलाला एक. मी ती स्वतः ऑटोतून नेली आणि वाटली, आणि सुजातानेही महिनाभरात सरळ वाचन साधले. माझ्या नोकरीतले हे निर्विवाद यश, असे मी समजत होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर अचानक भेट दिली. सर दुसऱ्या खोलीत पहिलीला शिकवत होते. या खोलीत चटई टाकलेली. पाच पुस्तकांतली चार भिंतीशी नीट रचून ठेवलेली, पाचवे मधोमध उघडे, आणि मुले त्याच्या भोवती गोल. सुजाता त्या दिवशी सगळ्यांच्या आधी आली होती म्हणे. तरी ती पुस्तकाच्या एका कुशीला बसली होती. डोक्याशी आज विलासची पाळी.

"अरे, प्रत्येकाला पुस्तक दिले ना? मग एकातच काऊन वाचता?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. बाईंना एवढेही कळू नये, असे ते पाहणे होते. गणेश म्हणाला, "बाई, एकट्यानं वाचलं अन् चुकलं, तं सांगन कोन?"

मी तक्त्याची घडी घातली. चार बाजूंनी एक ओळ वाचणे, सोडलेले कासव शोधून देणे, यासाठी माझ्या उद्दिष्टांत जागा नव्हती. पुढे मी ती करण्याचा प्रयत्न केला. 'मोजता येत नाही' असा शेरा घेऊन माझी सूचना वरून परत आली. मोजण्याची रीत मी शोधते आहे. सापडेल.

"बसा ना बाई," सुजाता सरकली. मी बसले. जागा उरली होती ती विलासच्या शेजारी, पुस्तकाच्या डोक्याशीच. माझी पाळी आली. पहिला शब्द लावला, दुसऱ्याशी अडले, आणि एम.एस्सी. झालेल्या माणसाला जे सुचते तेच मला सुचले. मी हात पुढे केला.

"बाई!" पाचही जण एकदम ओरडले. "पुस्तक फिरवाचं नाही!"

मी हात मागे घेतला, आणि मान वाकडी केली.